थर्मल स्पॉटरमध्ये सगळंच पांढुरकं दिसतंय? खोलायच्या आधी हे तपासा

थर्मल स्पॉटर म्हणजे अंधारात उष्णतेवरून जनावर दाखवणारी हातातली दुर्बीण. लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं यातलंच आहे का ते लगेच कळेल.

स्पॉटर नीट चालू होतो, बॅटरी भरलेली दाखवतो, पण समोरचं शिवार ताकातून बघितल्यासारखं दिसतं. बांध, ऊस, विहिरीचा कठडा, सगळं एकाच राखाडी रंगात. शंभर मीटरवर उभी असलेली म्हैस म्हणजे नुसता फिकट डाग. सगळ्यात जास्त येणारी तक्रार ही.

दुसरा प्रकार असा की सुरुवातीची पाच-दहा मिनिटं चित्र छान असतं, मग हळूहळू उभ्या रेघा, डाग, मधोमध उजळ गोल आणि कडेला काळपटपणा. बंद करून परत चालू केलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

तिसऱ्यात जनावर आहे एवढं कळतं, पण डुक्कर की कुत्रं ते कळत नाही. चौथ्यात चित्रात कायम त्याच जागी काळे-पांढरे ठिपके असतात. आणि पाचव्यात चित्र मधूनच थिजतं किंवा यंत्र आपोआप बंद पडतं.

कॅमेरे आणि दुर्बिणी दुरुस्त करणं हे माझं काम. अलीकडे त्यात या स्वस्तातल्या थर्मल स्पॉटरची भर पडली आहे. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी भागात गवे आणि डुकरं, आजरा-चंदगडकडं त्यात हत्तीही. शेतीपंपाला रात्रीची लाईट असली की उसाला पाणी पाजायला रात्रीच जावं लागतं, आणि सरीच्या तोंडाशी काय उभं आहे ते आधी कळलेलं बरं, म्हणून लोक हे यंत्र घेतात. काहीजण परदेशातले एअरगनच्या शिकारीचे व्हिडिओ बघून घेतात, त्यांच्याबद्दल पुढं बोलतो. तक्रार मात्र दोघांची एकच: "दादा, ह्यात काय दिसंना झालंय. सेन्सर गेला वाटतं."

सेन्सर फार क्वचित गेलेला असतो. बिघाड बहुतेक वेळा यंत्राच्या बाहेरच असतो. तो काचेत असतो, दवात असतो, हवेत असतो, नाहीतर चौकटीत आलेल्या एखाद्या तापलेल्या वस्तूत असतो. म्हणून तपासायचं ते बाहेरून आत. फुकटातल्या गोष्टी आधी, पैशाच्या नंतर, आणि स्क्रू-ड्रायव्हर घरी अजिबात नाही.

आधी मेनूची अक्षरं वाचा

यंत्र चालू करा, मेनू उघडा आणि अक्षरं वाचायचा प्रयत्न करा. एका मिनिटाचं काम आहे, पण अर्धा निकाल इथंच लागतो.

डोळ्याजवळ जो छोटा पडदा असतो, त्यावर मेनूही उमटतो आणि समोरचं दृश्यही. मेनूची अक्षरंच पुसट दिसत असतील तर समोरच्या भिंगाचा काही संबंध नाही. डोळ्याकडची डायॉप्टरची कडी तुमच्या नजरेला जुळलेली नाही, एवढंच. ती फिरवा, अक्षरं कातीव दिसली की थांबा. घरात एकच स्पॉटर असेल आणि चष्मा लागलेले थोरले आणि चष्मा नसलेला पोरगा असे दोघं तो वापरत असतील, तर प्रत्येक वेळी कडी फिरवावी लागणार. ही तक्रार घेऊन लोक चंदगडहून कोल्हापूरपर्यंत आलेले मी पाहिले आहेत.

अक्षरं स्पष्ट आहेत पण दृश्य पुसट आहे, असं असेल तर खोट पुढच्या बाजूला आहे. पुढच्या भिंगाला फोकसची कडी असेल तर ती एखाद्या लांबच्या, ठळक वस्तूवर लावून बघा. विजेच्या खांबावरचा ट्रान्सफॉर्मर त्यासाठी उत्तम, कारण तो रात्रीही तापलेला असतो. स्वस्तातल्या बऱ्याच स्पॉटरना ही कडी नसतेच, फोकस कारखान्यातूनच पक्का केलेला असतो. तसं असेल तर अगदी जवळचं धूसर दिसणारच. तो बिघाड नाही.

मध्ये काच आहे का?

हसू नका. गाडीत बसून, काच वर करून, "समोरचं काहीच दिसत नाही" म्हणणारे पुष्कळ असतात.

थर्मल सेन्सर आपल्या डोळ्याला दिसणारा उजेड बघत नाही. साधारण ८ ते १४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीची उष्णता तो टिपतो, आणि साध्या काचेतून ती आरपार जात नाही. गाडीची काच, पंपघराची खिडकी, घराची सरकती काच, सगळ्या त्याच्यासाठी भिंती. उलट काचेत तुमचीच उबदार छबी उमटते आणि आत कोणीतरी उभं असल्यासारखं वाटतं. म्हणूनच स्पॉटरचं पुढचं भिंग काचेचं नसतं, जर्मेनियमचं असतं. धातूसारखं चमकणारं ते काळपट भिंग आपल्याला आरपार दिसत नाही, पण उष्णतेला ते पारदर्शक असतं.

यातून दुसरी गोष्ट निघते. भिंगाला ओरखडे पडू नयेत म्हणून कोणी वरून कॅमेऱ्याचा काचेचा फिल्टर किंवा मोबाईलच्या स्क्रीनगार्डचा तुकडा लावला असेल तर तो आधी काढा. पावसात वरून जाड प्लास्टिकची पिशवी बांधली असेल तर तीही काढा. अगदी पातळ पॉलिथीनमधून थोडंफार दिसतं, जाड पिशवीतून चित्र मरतं.

दव आणि बोटांचे ठसे

आपल्याकडच्या पांढुरक्या चित्राचं मुख्य कारण हे आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

पाणी या उष्णतेला जवळजवळ अपारदर्शक असतं. केसाच्या जाडीपेक्षा पातळ थरसुद्धा बहुतेक सगळी उष्णता गिळतो. साध्या दुर्बिणीच्या काचेवर दव बसलं की चित्र धुरकट होतं आणि आपल्याला कळतं. जर्मेनियमच्या काळ्या भिंगावर दव बसलं तर वरवर बघून पत्ताच लागत नाही, कारण ते मुळातच आरशासारखं असतं. टॉर्चचा उजेड तिरका टाका, भिंग जवळून बघा. बारीक बारीक कण चमकले तर तो तुमचा "बिघाड".

दव बसतं ते दोन कारणांनी. एसी लावलेल्या गाडीतून यंत्र थेट गगनबावड्याच्या ओल्या हवेत काढलं की थंड भिंगावर लगेच पाणी धरतं. आणि आकाश निरभ्र असेल, वारा पडलेला असेल, अशा हिवाळ्याच्या रात्री माळ्यावर किंवा बांधावर यंत्र उघडंच ठेवलं, तर गवतावर दव पडतं तसं ते त्याच्यावरही पडतं. पहाटे जागलीवरून परतलेला माणूस "बारा वाजेपर्यंत झकास दिसत होतं, नंतर गेलं" असं सांगतो, तेव्हा मी यंत्र हातात घ्यायच्या आधीच भिंगाबद्दल विचारतो.

उपाय साधे आहेत. वापर नसेल तेव्हा टोपी लावलेली ठेवा. गाडीतून काढल्यावर पंधरा-वीस मिनिटं पिशवीतच बाहेरच्या हवेला लागू द्या, मग उघडा. दव बसलंच तर आधी हवेच्या रबरी फुग्यानं धूळ उडवा, आणि मगच लेन्सच्या मऊ कापडानं हलकं टिपा. शर्टाच्या टोकानं, धोतराच्या सोग्यानं किंवा अंगठ्यानं घासू नका. जर्मेनियमवर वरून कठीण लेप दिलेला असतो, पण पाचट पेटवल्यावर उडणारी राख आणि बारीक माती त्यावर रगडली की तोही ओरखडतो, आणि हे भिंग बदलायला गेलात तर यंत्राच्या किमतीचा मोठा वाटा तिथंच जातो. तेलकट ठसा असेल तर लेन्सच्या कागदावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब, मधून बाहेर एकच फेरा. स्पिरिट, थिनर, डोक्याला लावायचं तेल पुसायचा रुमाल, हे काहीही नको.

फुंकर मारून पुसायची सवय असेल तर ती सोडा. तोंडाची वाफ म्हणजेही पाणीच.

ती 'टिक' ऐका

दुसऱ्या लक्षणाचा, म्हणजे हळूहळू खराब होणाऱ्या चित्राचा, खुलासा इथं आहे.

सेन्सरवर हजारो बारीक ठिपके, म्हणजे पिक्सेल, असतात. २५६ गुणिले १९२ चा सेन्सर म्हणजे जवळजवळ ४९,००० ठिपके. यंत्र तापत जातं तसा त्यातला प्रत्येक ठिपका थोडा थोडा वेगळा भरकटतो. त्यांना पुन्हा एका रांगेत आणण्यासाठी आतली एक छोटी झडप सेन्सरसमोर क्षणभर बंद होते आणि सगळ्या ठिपक्यांना एकच सपाट तापमान दाखवते. 'टिक' आवाज येतो तो तिचा, आणि तेवढा वेळ चित्र थिजतं. म्हणजे पाचव्या लक्षणातलं क्षणभर थिजणं हा बिघाडच नाही, यंत्र आपलं काम करतंय.

मेनूमध्ये याला कॅलिब्रेशन म्हणतात आणि ते आपोआप किंवा हातानं असं निवडता येतं. आवाज होऊ नये म्हणून कुणीतरी ते हातावर टाकलेलं असतं आणि नंतर विसरून गेलेलं असतं. मग रात्रभर कॅलिब्रेशन होत नाही आणि रेघा जमत जातात. आधी ते 'ऑटो' वर टाका. तुमच्या यंत्रात झडपच नसेल, तर पुढची टोपी घट्ट लावून कॅलिब्रेशनचं बटण दाबा. टोपी अर्धवट असेल तर टोपीची कडच चित्रात कायमची छापल्यासारखी दिसत राहते, आणि मग तो "डाग" घेऊन लोक दुकानात येतात. टोपी नीट लावून परत बटण दाबलं की जातो.

चालू केल्याकेल्या लगेच निकाल देऊ नका. पहिली पाच-दहा मिनिटं यंत्राचं अंग गरम होत असतं, तेवढ्यात ते वारंवार टिक करणारच.

ऑटोवर टाकूनही टिक आवाज अजिबात येत नसेल, किंवा आवाज येतो पण नंतर पडदा पूर्ण सपाट राखाडी राहतो, तर झडप अडकली आहे. इथं थांबायचं. हातावर आपटून ती सुटत नाही.

चौकटीत गुऱ्हाळ घेऊ नका

इथवर सगळं ठीक निघालं आणि तरी चित्र मेलेलं असेल, तर समोर काय आहे ते बघा.

यंत्र चौकटीतल्या सगळ्यात गरम आणि सगळ्यात थंड वस्तूंच्या मधल्या तापमानाला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा वाटतं. आता हंगामात, म्हणजे थंडीच्या दिवसांत, तुमच्या रानाच्या पलीकडं गुऱ्हाळ चालू आहे, काहिलीखाली चुलाण पेटलेलं आहे आणि चिमणी धगधगते आहे. ते चौकटीत आलं की बऱ्याचशा छटा तिकडंच खर्ची पडतात. अलीकडच्या बांधावर उभ्या डुकराला आणि त्याच्या मागच्या मातीला मग उरलेल्या एक-दोन छटा. दोन्ही एकाच राखाडी रंगाचे. चालू पंपाची मोटर, जळणारं पाचट, रस्त्यावरच्या ट्रॅक्टरचं इंजिन, सगळ्यांचं हेच.

उलट बाजूही आहे, आणि ती लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. निरभ्र आकाश थर्मलमध्ये प्रचंड थंड दिसतं. अर्ध्या चौकटीत आकाश असेल तर तेही छटा खाऊन टाकतं. यंत्र थोडं खाली झुकवा, क्षितिज चौकटीच्या बाहेर काढा, आणि चित्र जिवंत होताना बघा. दुकानाच्या गच्चीवर मी गिऱ्हाईकाला हे करून दाखवतो. तक्रारीची कागदपत्रं बाहेर काढलेली असतात, ती बऱ्याचदा तिथंच परत पिशवीत जातात.

रंगांचं म्हणाल तर पांढरं-गरम (गरम वस्तू पांढरी दिसते) किंवा काळं-गरम (गरम वस्तू काळी दिसते), एवढंच ठेवा. इंद्रधनुषी रंग दुकानात छान दिसतात, रानात ते गोंधळ वाढवतात. पडद्याचा उजेडही कमी ठेवा. तो जास्त असेल तर पांढुरकेपणा वाढतो, शिवाय यंत्र खाली घेतल्यावर त्या डोळ्याला मिनिटभर पायाखालचं काही दिसत नाही. उसाच्या बांधावर ते परवडणारं नाही.

हवामान आणि ते परदेशी व्हिडिओ

इंग्लंडात घुशी-उंदीर आणि ससे मारणारे एअरगनवाले हे स्पॉटर खूप वापरतात. तिथं कमी ताकदीच्या एअरगननं तीस-चाळीस मीटरच्या आतलं जनावर मारायचं असतं, आणि स्पॉटरचं काम फक्त ते कुठं बसलंय ते शोधणं. थंड हवा, थंड ओलं गवत, त्यावर गरम ससा. साध्या यंत्रातही तो दिव्यासारखा दिसणारच.

आपल्याकडं एप्रिल-मे महिन्यात आपला काळा दगड दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत राहतो. बांधाचे दगड, डांबरी रस्ता, विहिरीचं बांधकाम आणि जनावराची केसाळ पाठ, सगळं जवळपास सारख्या तापमानाचं. फरकच नसेल तर यंत्र फरक दाखवणार कुठून? उन्हाळ्यात मध्यरात्रीनंतर बघा, पहाटेच्या आधीचा वेळ सगळ्यात चांगला. सूर्य मावळताना आणि उगवल्यावर थोडा वेळ असा असतो की जमीन आणि जनावर यांची तापमानं एकमेकांना ओलांडून जातात, त्या वेळी चांगलं महागडं यंत्रही गडबडतं.

पावसाळ्यात दुसरी गत. धुकं आणि पाऊस म्हणजे हवेतलं पाणी, आणि पाणी काय करतं ते वर सांगितलंच. राधानगरी-दाजीपूरच्या धुक्यात तुमच्या यंत्राचा पल्ला निम्म्याहून खाली आला तर त्याला औषध नाही. पाऊस थांबल्यावर माती, दगड, पाला सगळं एकाच तापमानाला येतं, म्हणून पार्श्वभूमी सपाट आणि निर्जीव दिसते. जनावर मात्र तरीही उठून दिसायला हवं. चिखलात लोळून आलेलं डुक्कर अपवाद. त्याची पाठ थंड मातीनं माखलेली असते, नुसतं तोंड आणि पोटाकडची बाजू उजळ दिसते, आणि बघणारा म्हणतो काहीतरी लहान आहे.

पानातून थर्मल दिसत नाही, हेही इथंच सांगून टाकतो. उभ्या उसात शिरलेलं डुक्कर कोणत्याही यंत्रात दिसणार नाही. सरीच्या तोंडाशी, बांधावर, ओढ्याच्या उतारावर ते बाहेर पडलं तरच दिसेल.

त्या व्हिडिओंबद्दल आणखी एक. साधी एअरगन आपल्याकडं विनापरवाना मिळते म्हणून शिकारही चालते असा समज आहे. चालत नाही. डुक्कर, ससा, मोर, गवा ही सगळी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. बंदूक असो, एअरगन असो की फासा, गुन्हा तो गुन्हाच. "एअरगनवर बसवून द्या" म्हणून स्पॉटर घेऊन येणाऱ्यांना मी परत पाठवतो, आणि त्याला कायद्याइतकंच साधं तांत्रिक कारणही आहे. स्प्रिंगच्या एअरगनचा धक्का आधी मागं आणि लगेच पुढं असा दोन्हीकडून बसतो. तिच्यासाठी न बनवलेल्या दुर्बिणीचीही त्यात वाट लागते. पट्ट्यांनी बांधलेल्या स्पॉटरचं भिंग ढिलं होतं, आणि मग कितीही पुसा, कितीही कॅलिब्रेट करा, चित्र एका कडेला कायमचं पुसट.

पेटीवरचा आकडा आणि खरा हिशेब

"पेटीवर ७०० मीटर लिहिलंय, मला १५० वर पण कळत नाही" ही तिसऱ्या लक्षणाची तक्रार. पेटीवरचा पल्ला म्हणजे उभा माणूस एखाद-दोन ठिपक्यांएवढा दिसतो ते अंतर. तिथं काहीतरी गरम आहे, एवढंच. ओळख पटायला त्या वस्तूवर दहा-बारा ठिपके तरी पडावे लागतात.

हिशेब तोंडी करता येतो: ठिपक्याचं माप भागिले भिंगाची फोकल लेंग्थ, गुणिले अंतर. १२ मायक्रॉनचा ठिपका आणि १५ मिलिमीटर फोकल लेंग्थचं भिंग असेल, तर १०० मीटरवर एक ठिपका ८ सेंटिमीटर जागा व्यापतो. मीटरभर लांबीचं डुक्कर मग लांबीला बारा-तेरा ठिपके. ओळखायला कसंबसं पुरतं. भिंग १० मिलिमीटरचं असेल तर ठिपका १२ सेंटिमीटरचा होतो, डुक्कर आठ ठिपक्यांवर येतं, आणि मग गावातलं कुत्रं की डुक्कर यावर पैज लागते. डिजिटल झूमनं ठिपके वाढत नाहीत, नुसते मोठे होतात. या लक्षणावर खर्च करायचा असेल तर तो दुरुस्तीवर करू नका, पुढच्या वेळी मोठं भिंग घ्या. पेटीवर संवेदनशीलतेचा आकडा, म्हणजे यंत्राला तापमानातला किती बारीक फरक कळतो तो, मिलिकेल्विनमध्ये (अंशाच्या हजाराव्या भागात) असतो. तो जितका कमी तितकं आपल्या दमट हवेत बरं, २५ चं यंत्र ५० च्यापेक्षा उजवं.

बॅटरी आणि चार्जिंग

बदलता येणारा १८६५० सेल (बोटभर लांबीचा गोल लिथियम सेल) असेल तर आधी तो काढून दोन्ही टोकं आणि आतली स्प्रिंग कोरड्या कापडानं पुसा. घामानं आणि ओलाव्यानं तिथं पांढरा-हिरवा गंज धरतो आणि यंत्र हलवलं की बंद पडतं. बाजारात ९,८०० मिलिअँपिअर-अवर छापलेले सेल मिळतात. त्या मापाच्या सेलमध्ये एवढी वीज मावतच नाही, चांगल्या कंपनीचा सेल ३,५०० च्या आसपास असतो. छापील आकडा जितका फुगलेला, तितका सेल संशयास्पद.

आतली बॅटरी असलेलं यंत्र चार्जच होत नसेल, तर केबल बदलून बघा. स्वस्त यंत्रं कित्येकदा दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर चार्ज होत नाहीत, आणि एका टोकाला जुनं रुंद यूएसबी असलेल्या केबलवर साध्या चार्जरनं व्यवस्थित होतात. नवीन मोबाईलचा चार्जर लावून "पोर्ट गेलं" असा निष्कर्ष काढू नका.

शेवटचे दोन घरगुती उपाय

मेनूमधून फॅक्टरी रीसेट. आधी आपली सेटिंग मोबाईलवर फोटो काढून ठेवा. त्यानंतरही जमलं नाही तर कंपनीच्याच ॲपमधून सॉफ्टवेअर अपडेट, तेही बॅटरी पूर्ण भरलेली असताना आणि घरात बसून. अपडेट चालू असताना बॅटरी संपली तर यंत्र चालू होण्याचंच थांबू शकतं. कुणी फॉरवर्ड केलेली फाइल टाकू नका.

कायमच्या ठिपक्यांसाठी बऱ्याच यंत्रांत पिक्सेल दुरुस्तीचा पर्याय असतो. टोपी लावा, तो पर्याय उघडा, खूण त्या ठिपक्यावर न्या आणि बटण दाबा. यंत्र त्या ठिपक्याऐवजी शेजारच्यांची सरासरी दाखवू लागतं. एक-दोन ठिपके असतील तर ठीक. दर आठवड्याला नवे येत असतील तर ते घरी मिटणारं नाही.

इथं हात काढून घ्या

पुढचं काही दिसलं की यंत्र बंद करा आणि अधिकृत सेवा केंद्राला किंवा जाणत्या माणसाला दाखवा. भिंगाच्या आतल्या बाजूनं धुकं किंवा थेंब. ऑटोवरही टिक नाही. हलवलं की आत खुळखुळ. यंत्र ओढ्यात किंवा पाटात पडून गेलेलं. आणि एका जागी कायमची पांढरी रेघ किंवा डाग, जो कॅलिब्रेशननंही जात नाही. हा शेवटचा सहसा सूर्याकडं यंत्र रोखल्याचा व्रण असतो. सूर्यानं सेन्सर जळतो, यंत्र बंद असताना टोपी उघडी राहिली तरी. तो दुरुस्त होत नाही, बदलावा लागतो, आणि स्वस्त यंत्रात त्या खर्चात नवीन येतं. तसं स्पष्ट सांगणाऱ्याकडंच जा.

बॅटरी फुगलेली वाटली, अंग वाकलेलं दिसलं, तर चार्जिंगला लावू नका, घरात पोरांच्या हाताशी ठेवू नका.

पाणी गेलं म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवायची पद्धत आहे. तांदळाची पूड फटीत जाते, ओलावा फारसा जात नाही. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या बऱ्या. पण स्क्रू काढून वाळवायचा मोह टाळा, कारण एकदा सील फुटलं की पुढच्या पावसाळ्यात पाणी नक्की, आणि वॉरंटीही गेली.

यंत्र ठीक असताना बोलवावा लागणारा दुसरा जाणता माणूस म्हणजे वनविभाग. स्पॉटरमध्ये गवा, बिबट्या किंवा हत्ती दिसला तर आणखी नीट बघायला पुढं जाऊ नका, टॉर्च मारून हुसकावू नका. आल्या वाटेनं मागं फिरा, शेजारच्या रानातल्यांना फोन करा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. पिकाचं नुकसान झालं असेल तर खुणा मोडायच्या आधी फोटो काढून लगेच वन कार्यालयात अर्ज करा, पंचनामा त्यावरच होतो.

दुरुस्तीला आणताना यंत्रातच एक मिनिटाचा व्हिडिओ घेऊन या. पहिली वीस सेकंद टोपी लावलेली, पुढची वीस सेकंद साध्या भिंतीवर, शेवटची वीस सेकंद उभ्या माणसावर. टोपी लावून चित्र स्वच्छ आणि उघडल्यावर खराब असेल तर दोष भिंगाकडं. टोपी लावूनही रेघा असतील तर सेन्सर किंवा झडप. मेमरी नसलेल्या यंत्रात डोळ्याच्या बाजूनं मोबाईल धरून काढलेला व्हिडिओही चालतो. सोबत बिल, चार्जिंगची केबल आणि यंत्र कधी, कुठल्या हवेत बिघडलं याच्या दोन ओळी.